तजुर्ब्याचे खाचर

इंद्रायणी तांदूळ पुण्या-मुंबईकडच्या घराघरांत ओळखीचा आहे. शिजल्यावर मऊ होणारा, वासाचा, लहान मुलांना भरवायला सोपा. तो आला कुठून, असे विचारले तर बहुतेक जण किराणा दुकानाचे नाव सांगतील. खरे तर हा तांदूळ मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रात तयार झाला. आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ या दोन वाणांच्या संकरातून तो निघाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. हे केंद्र राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे. आज आपल्या पातेल्यात शिजणारा भात एके काळी चिखलात रोवलेल्या एका पाटीमागच्या मोजक्या ओळींत उभा होता आणि आपली परीक्षा देत होता.

राज्यात अशी चार कृषी विद्यापीठे आहेत: राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली. दापोलीचे कोकण कृषी विद्यापीठ १९७२ साली सुरू झाले. रायगडमध्ये कर्जत, रत्नागिरीत शिरगाव आणि खाऱ्या जमिनींसाठी पनवेल अशी त्याची संशोधन केंद्रे आहेत. आपल्या वाचकांपैकी अनेकांची वडिलोपार्जित खाचरे याच केंद्रांच्या आसपास आहेत. मुंबई-गोवा रस्त्याने जाता-येता आपण ती शेते पाहतो. पण जून-जुलैत तिथे काय चालते, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

एकाच दिवसाची लावणी

भाताची दोन कामे प्रत्येक कोकणी घराला माहीत आहेत. आधी रोप तयार करायचे, मग ते उपटून चिखलात लावायचे. रोपाला कुठे तरवा म्हणतात, कुठे दाढ, कुठे आवण. विद्यापीठाच्या शेतातही हेच होते, पण तिथला शिस्तीचा काटा वेगळा असतो.

एका चाचणीत वीस-पंचवीस वाण असले, तर प्रत्येकाचा वाफा वेगळा, मुठी वेगळ्या आणि पाटी वेगळी. अनेक चाचण्यांत पाटीवर वाणाचे नावसुद्धा नसते, फक्त क्रमांक असतो, म्हणजे पाहणाऱ्याच्या मनात आधीपासून आवडनिवड राहत नाही. सगळ्या वाणांचे बी एकाच दिवशी पेरलेले असते. रोप २१ ते २५ दिवसांचे झाले की लावणी होते. एकाचे रोप कोवळे आणि दुसऱ्याचे जून झालेले असेल, तर तुलना खोटी ठरते, कारण जून रोपाला फुटवे कमी येतात. खुणा केलेली दोरी धरून, साधारण २० बाय १५ सेंटिमीटर अंतरावर, एका चुडात दोन-तीनच रोपे लावतात. सवयीने चार-पाच रोपे खोचणारा हात इथे आवरावा लागतो.

गेल्या वर्षी जुलैत आमच्या शाळेतल्या आठवीच्या मुलामुलींना मी अशा एका केंद्रावर घेऊन गेले होते. पाऊस कोसळत होता. लावणीच्या बायका डोक्यावर इरली आणि प्लास्टिक घेऊन वाकलेल्या होत्या. दुपार टळली तेव्हा काम थांबवायची वेळ झाली, पण तिथल्या सहायकांनी अजून चार वाफे लावून घेतले. एका मुलीने विचारले, "सर, उरलेले उद्या लावले तर काय बिघडेल?"

ते म्हणाले, "बेटा, शेताचे आम्ही तीन भाग केलेत. प्रत्येक भागात सगळे वाण एकेकदा आहेत. एक भाग एका दिवसात पुरा व्हायलाच हवा. काही वाण आज लागले आणि काही उद्या, तर वाण चांगला की दिवस चांगला, हे मला कधीच कळणार नाही."

चाचणीचे सारे गणित या उत्तरात आले होते. पुढे एका बाईंनी मुठीतली दोन रोपे वेगळी काढून बांधावर टाकली. बुडाशी जांभळट रंग दिसला म्हणून. त्या वाणाचे बूड हिरवे असते, म्हणजे ही दोन रोपे भेसळीची. त्या बाईंची शाळा किती झाली होती ते मी विचारले नाही, पण चाचणीची शुद्धता त्या क्षणी त्यांच्या बोटांवर होती. एका वाणाची मूठ चुकून दुसऱ्याच्या पाटीमागे लागली, तर वर्षभराची नोंद वाया जाते. संशोधकाच्या पदवीइतकाच या मजूर बहिणींच्या अमानतदारीवर सगळा डोलारा उभा असतो.

शेतातला कुर्रा

कुठल्या वाणाला कुठला वाफा, हे कोण ठरवते? कोणीच नाही. हजच्या अर्जांचा कुर्रा निघतो ना, तसाच इथेही निघतो. शेत वरून सारखे दिसले तरी एक कोपरा सखल असतो, एका बांधाशी गाळ जास्त असतो. आवडत्या वाणाला चांगला वाफा दिला, तर निकाल आधीच ठरला. म्हणून जागा चिठ्ठीने ठरते. आणि एकदा चिठ्ठी काढून भागत नाही, तीनदा किंवा जास्त वेळा काढावी लागते. एखाद्याच्या नशिबी एकदा चांगली जागा आली तरी प्रत्येक वेळी तीच येणार नाही. १९२० च्या दशकात इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड या शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या गणितज्ञाने ही पद्धत पक्क्या पायावर उभी केली. आज जगभरच्या विद्यापीठांची शेते याच रीतीने चालतात.

नव्या वाणांच्या शेजारी जुना, लोकांच्या विश्वासाचा एक वाणही लावतात. त्याला तुल्य वाण म्हणतात. नवा किती चांगला, हे जुन्याच्या बाजूला उभे राहूनच ठरायचे. कडेच्या ओळींना ऊन-वारा जास्त मिळतो, म्हणून त्या मोजणीत धरत नाहीत. मग फुलोरा कधी आला, फुटवे किती, करपा आला का, खोडकिड्याने किती खाल्ले, पीक लोळले का, दाणा गिरणीत किती तुटला, भात शिजून कसा झाला, हे सारे लिहिले जाते. एका पावसाळ्यावर निकाल लागत नाही. तेच बी अनेक वर्षे, वेगवेगळ्या केंद्रांवर लावले जाते. देशभरच्या भात केंद्रांना जोडणारा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प १९६५ पासून हे काम करतो आहे. चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत शिफारस झाली की मगच वाण शेतकऱ्याच्या वाटेला लागतो.

इतका उशीर का, असे वाटेल. पण शेतकऱ्याकडे वर्षाला एकच खरीप असतो. तो चुकला तर दुसरा याच वर्षी मिळत नाही.

अनुभव आणि प्रयोग

मराठीत अनुभव आणि प्रयोग हे दोन वेगळे शब्द आहेत. उर्दूत दोन्हींना एकच शब्द पुरतो: तजुर्बा. आजोबांनी चाळीस पावसाळ्यांत कमावला तो तजुर्बा, आणि प्रयोगशाळेत होतो तोही तजुर्बाच. विद्यापीठाच्या खाचरात हे दोन अर्थ एकमेकांना भेटतात.

मदीनेतल्या खजुरांची हदीस आपल्याला माहीत आहे. तिथले लोक नर झाडाचा फुलोरा मादी झाडावर घालून फळ धरवत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी ते पाहिले आणि याने फारसे काही होत असेल असे वाटत नाही, अशा अर्थाचे बोलले. लोकांनी ते काम सोडले आणि त्या वर्षी खजूर कमी आली. आपणांस हे कळले तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की अशा दुनियेच्या कामांतले तुम्हीच अधिक जाणता. सहीह मुस्लिममध्ये ही हदीस आहे. शेतीतली गोष्ट शेतात पाहून, झाडाच्या फळावरून ठरवायची, याला यापेक्षा मोठी परवानगी कोणती हवी?

पुढच्या मुसलमानांनी ही परवानगी वाया घालवली नाही. ११व्या शतकात अंदलुसमधल्या तुलैतुला, म्हणजे आजच्या टोलेडो शहरात, इब्न बस्साल यांनी तिथल्या शासकाच्या बागेत काम केले आणि माती, पाणी, कलमे यांवर स्वतः करून पाहिलेले लिहून ठेवले. १२व्या शतकात इशबीलियाच्या इब्नुल अव्वाम यांनी शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. शेतीला अरबीत फिलाहा म्हणतात. अजानमध्ये आपण रोज पाच वेळा ज्या 'फलाह'कडे बोलावले जातो, तो शब्द याच धातूचा आहे.

खाऱ्या जमिनीचा प्रश्न

आता आपल्या दारातली गोष्ट. रायगड-रत्नागिरीच्या खाड्यांकाठी आपल्या पूर्वजांनी बांध घालून खारी जमीन पिकाऊ केली. भरतीचे पाणी अडवायचे, ओहोटीला उघाडीतून पावसाचे पाणी सोडून द्यायचे, असे ते पिढ्यान्‌पिढ्यांचे कसब. या जमिनीत घाई चालत नाही. पहिल्या पावसांनी मीठ धुऊन निघाल्याखेरीज रोप तग धरत नाही. तिथे काळा राता, भुरा राता हे जुने वाण टिकत. त्यांच्यातूनच निवड करून काळा राता १-२४ आणि भुरा राता ४-१० हे वाण तयार झाले. पुढे पनवेलच्या केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे खारेपणा सोसणारे वाण दिले.

पण बी असून लावणारा कुठे आहे? कुणाचा मुलगा मस्कतला, कुणाचा कुवेतला, कुणी मुंबईत. बांधाला भगदाड पडले की बुजवायला सगळ्या हिस्सेदारांनी एकत्र यावे लागते, आणि हिस्सेदार चार देशांत विखुरलेले. एकदा उधाणाचे पाणी आत शिरले की ते मीठ निघायला पुढचे पावसाळे जातात. शेजारचे शेत कसणारा असला तरी त्याचेही पीक जाते. पडीक जमीन एकट्याची राहत नाही.

आमच्या शेजारच्या खाला अजूनही आपली दोन खाचरे कसतात. काही वर्षांपूर्वी मुलाने परदेशातून पैसे पाठवले, आणि तालुक्याच्या एका दुकानदाराने भारी म्हणून दिलेले बी त्यांनी सगळ्या शेतात लावले. ते उशिरा निसवणारे निघाले. पाऊस ओसरला, वरचे पाणी आटले, खालचे मीठ वर आले आणि लोंब्या पळींज राहिल्या. पावती नव्हती, पिशवी चुलीत गेली होती. "दुकानदाराच्या तोंडावर भरवसा ठेवला गो, आणि वर्षाचा भात गेला," खाला म्हणाल्या.

पुढच्या पावसात त्यांनी वेगळे केले. पनवेलचे बी आणले, पण दोनच गुंठ्यांत लावले, आणि शेजारी आपला जुना राता. वरच्या अंगाला नवे बी सरस ठरले. खालच्या खारट कोपऱ्यात मात्र राताच टिकला. आता त्या दोन्ही लावतात, ज्याच्या त्याच्या जागी. तुल्य वाण हा शब्द त्यांनी कधी ऐकलेला नाही, पण काम नेमके तेच केले.

घरच्या घरी

हे आपल्यातल्या कोणालाही करता येते. बी घेताना खूणचिठ्ठी पाहावी. पैदासकार बियाण्याची पिवळी, पायाभूतची पांढरी आणि प्रमाणितची निळी असते. पावती, पिशवी, चिठ्ठी आणि मूठभर बी कापणीपर्यंत जपून ठेवावे, कारण तक्रार करायची वेळ आली तर हाच पुरावा.

पेरणीआधी १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळावेत. त्यांतले ८० किंवा जास्त उगवले तर बी चांगले. हे काम मुलांना द्यावे, त्यांना फार आवडते. मग १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बी टाकावे. तरंगणारे पोचट दाणे काढून टाकावेत, तळाचे बी दोनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवावे.

नवे बी आले की ते सगळ्या शेतात लावू नये. एक-दोन गुंठे त्याला द्यावेत, शेजारी जुने असावे, आणि दोन्ही एकाच दिवशी लावावेत. तारखा एका वहीत लिहाव्यात: पेरणी, लावणी, निसवण, कापणी. घरातली आठवी-नववीची मुलगी ही वही उत्तम ठेवते. त्यातून एखादीला कृषी पदवीची वाट दिसली तर तीही मोकळी आहे. बारावी विज्ञाननंतर प्रवेश परीक्षा देऊन या विद्यापीठांत चार वर्षांचा अभ्यासक्रम करता येतो.

या साऱ्याला आणखी एक बाजू आहे. पावसावर पिकलेल्या धान्यातला दहावा हिस्सा उश्र म्हणून निघतो, स्वतःच्या मेहनतीने पाणी दिलेल्या पिकातला विसावा. किती धान्यावर आणि कसा, हे आपल्या आलिमांना विचारावे. पण शेत पडीक राहिले किंवा लोंब्या पळींज निघाल्या, तर गावातल्या विधवेच्या आणि यतीमाच्या वाट्याचे धान्यही त्याच बांधावर बुडते. पेरलेल्यातून माणूस, पक्षी किंवा जनावर जे खाईल ते पेरणाऱ्याच्या नावे सदका लिहिले जाते, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. पाखरांनी नेलेला दाणाही हिशेबात आहे.

परगावी असलेल्या भावांनी यंदा ईदला किंवा सुट्टीत घरी आल्यावर बांधावर एक फेरी मारावी. उघाडी शाबूत आहे का, हिस्सेदारांपैकी कोण कसायला तयार आहे, जवळच्या केंद्रात कुठले बी मिळते, एवढे विचारावे. बी मेच्या आत हाताशी असले तर जूनची पेरणी चुकत नाही.

अल्लाह आपल्या शेतांत आणि कष्टांत बरकत देवो. आमीन.