रॉटवायलर : स्वभाव कुणाचा, जोखीम कुणाची?

मे २०२४ मध्ये चेन्नईच्या थाऊजंड लाइट्स भागातील महापालिकेच्या एका उद्यानात दोन रॉटवायलर कुत्र्यांनी पाच वर्षांच्या एका मुलीवर हल्ला केला. मुलगी उद्यानाच्या रखवालदाराची. कुटुंबाचा मुक्कामही उद्यानातच. कुत्रे जवळच्या एका रहिवाशाचे होते आणि ते मोकळे होते. सोडवायला धावलेली आईही जखमी झाली. मुलीचा जीव वाचला, परंतु डोक्याच्या जखमांसाठी तिला शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले.

या घटनेच्या सुमारे दोन महिने आधी, १२ मार्च रोजी, केंद्राच्या पशुसंवर्धन व दुग्धव्यवसाय विभागाने राज्यांना एक पत्र धाडले होते. रॉटवायलरसह तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास व विक्री थांबवावी, आणि लोकांकडे आधीच असलेल्या अशा कुत्र्यांचे निर्बीजीकरण करावे, असा त्याचा आशय होता. कर्नाटक उच्च न्यायालयाने १० एप्रिल रोजी ते पत्र रद्द केले. संबंधितांचे म्हणणे ऐकूनच घेतले नाही, हा त्यावरील एक मुख्य आक्षेप होता. महिना उलटण्यापूर्वी चेन्नईचा प्रकार घडला आणि वाद पुन्हा पेटला. एका तटाच्या मते रॉटवायलर म्हणजे दारात बांधलेले वाघरू. दुसऱ्या तटाच्या मते तो लोण्याच्या काळजाचा प्राणी, आणि दोष असलाच तर तो मालकाचा. दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य आहे. मात्र दोघांच्याही बोलण्यातून उद्यानातली ती मुलगी निसटते. ती कुत्र्यांची धनीण नव्हती, त्या घरातली नव्हती आणि त्या व्यवहारात तिला कुणी काही विचारलेलेही नव्हते.

या कुत्र्याचा स्वभाव समजून घ्यायचा तर त्याचे मूळ काम पाहिले पाहिजे. जर्मनीच्या नैऋत्येला रॉटवाइल नावाचे जुने नगर आहे. रोमनांनी ते इ. स. ७३ मध्ये वसविले. पुढे तेथे गुरांचा मोठा बाजार भरू लागला. खाटीक आणि गुरांचे व्यापारी कळप हाकीत दूरच्या बाजारांना जात व त्यांच्याबरोबर हा काळा, तांबूस ठिपक्यांचा, रुंद छातीचा कुत्रा असे. ‘रॉटवाइलच्या खाटकांचा कुत्रा’ हेच त्याचे नाव पडले. अडून बसलेल्या बैलाला अंगाने रेटणे, रात्री कळप राखणे आणि गाडा ओढणे ही त्याची कामे. परतीच्या वाटेवर व्यापारी पैशाची थैली त्याच्याच गळ्यात बांधीत, असेही सांगतात. ही केवळ आख्यायिका असली तरी तिच्यातून लोकांचा या प्राण्यावरचा भरवसा दिसतो. पुढे रेल्वे आली, गुरे वाघिणींतून जाऊ लागली आणि कुत्र्याचे काम संपले. दख्खनमध्ये लमाणांच्या तांड्यांची बैलांवरची वाहतूक आगगाडीने अशीच मोडीत काढली. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही जात नामशेष होण्याच्या बेतात होती. १९१० मध्ये जर्मनीत पोलिसी कामासाठी तिला मान्यता मिळाली, १९२१ मध्ये जातीचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला आणि ती तगली. म्हणजे एक नोकरी गेली तेव्हा दुसरी मिळाली म्हणून हा कुत्रा आज जिवंत आहे. बिनकामाचा रॉटवायलर ही अगदी अलीकडची गोष्ट होय.

आंतरराष्ट्रीय मानकात त्याचे वर्णन शांत, प्रेमळ, मुलांची आवड असणारा, आज्ञाधारक, निर्भय व कामसू असे आहे. हे वर्णन खोटे नाही. परंतु ते आपोआप खरे होत नाही. जर्मन संघाच्या नियमांप्रमाणे नर वा मादी पैदाशीला लावण्यापूर्वी तिच्या खुब्याच्या सांध्याची क्ष-किरण तपासणी होते आणि स्वभावाची परीक्षा घेतली जाते. भित्रा वा अकारण अंगावर येणारा कुत्रा तेथे वगळला जातो. तेव्हा ज्या ‘उमद्या’ स्वभावाचा दाखला दिला जातो, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने घडविलेला माल आहे. निवड थांबली की नाव तेच राहते, माल बदलतो. कोणत्याही व्यापाऱ्याला हे सांगावे लागत नाही.

पैदाशीनंतर पाळी येते संगोपनाची. पिल्लाच्या आयुष्यातील साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्याचा काळ निर्णायक असतो. या दिवसांत त्याला जी माणसे, जे आवाज, जी मुले, ज्या छत्र्या, काठ्या आणि सायकली दिसतात, ती सारी पुढे त्याच्या लेखी ‘नेहमीची’ ठरतात. जे दिसले नाही, ते परके. आईपासून महिन्याभरात तोडलेले, मग लसीकरण होईपर्यंत सज्जात कोंडलेले पिल्लू हा अमूल्य काळ भिंतीकडे पाहत घालविते. आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकू नये आणि पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी, असा नियम २०१७ पासून भारतात आहे. पिल्लू घेताना नोंदणीचा कागद मागणारा गिऱ्हाईक किती वेळा भेटतो, हे विक्रेत्यांनाच ठाऊक.

त्यानंतरची फसगत अधिक सूक्ष्म आहे. पहिले वर्षभर रॉटवायलर बहुधा गमत्या, लोचट आणि सर्वांचा मित्र असतो. पाहुणे त्याला थोपटतात, मुले त्याच्या पाठीवर बसतात. घरच्यांची खात्री पटते, की आपला कुत्रा ‘तसला’ नाही. दीड-दोन वर्षांच्या सुमारास तो मनाने प्रौढ होऊ लागतो आणि राखणीची वृत्ती जागी होते. काल ज्या दूधवाल्यासमोर शेपूट हलविली, त्याच्याकडे तो आज टक लावून पाहू लागतो. तोवर नराचे वजन ५० किलोंच्या आसपास, म्हणजे गव्हाच्या भरल्या पोत्याइतके, झालेले असते. शिक्षणाचा प्रारंभ या वयात करणे म्हणजे पूर आल्यावर बांध घालायला निघण्यासारखे आहे.

घरातल्या मुलांशी त्याचे वागणे तर विशेष समजून घेण्याजोगे आहे. आपल्या कुटुंबातील मुलांवर तो जीव टाकतो, हे अनेक कुटुंबांचे खरे अनुभव आहेत. परंतु अंगाने रेटण्याची त्याची जुनी सवय लाडातही जात नाही आणि दोन वर्षांचे मूल त्या लाडाने सहज कोलमडते. घरच्या मुलाशी शेजारचा मुलगा कुस्ती खेळू लागला, आरडाओरडा झाला, की राखणदार कुत्र्याला तो खेळ वाटेलच असे नाही. गुरगुरण्याचेही तसेच. गुरगुरणे ही कुत्र्याची सूचना असते, ‘आता पुरे’ म्हणण्याची त्याची भाषा असते. आपल्याकडे गुरगुरला की त्याच्या पाठीत चपलेचा तडाखा बसतो. त्यामुळे तो गुरगुरणे सोडतो, अस्वस्थता सोडत नाही. पुढच्या खेपेला सूचनेवाचून दात लागतात आणि घरचे म्हणतात, ‘एकाएकी चावला हो!’ दिवसभर साखळीला बांधून ठेवलेला, खुब्याच्या दुखण्याने बेजार झालेला किंवा चैत्र-वैशाखाच्या उन्हात दाट काळ्या केसांखाली धापा टाकणारा कुत्राही अशीच ‘एकाएकी’ चावण्याची शक्यता अधिक.

मग जातीचा प्रश्न गौण का? तसेही म्हणता येत नाही. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संशोधनात अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती व दोन हजारांहून अधिक कुत्र्यांची जनुकीय तपासणी केली होती. वैयक्तिक वर्तनातील फरकांपैकी केवळ ९ टक्क्यांच्या आसपास फरक जातीवरून सांगता येतो, असा त्याचा निष्कर्ष. २००८ मधील दुसऱ्या एका पाहणीत माणसांच्या अंगावर येण्यात डॅक्सहुंड आणि चिवावा हे चिमुकले कुत्रे सरासरीच्या बरेच पुढे होते. श्वानप्रेमी हे आकडे आनंदाने सांगतात. पण चिवावाचा चावा मलमपट्टीने भागतो. संभाव्यता आणि तीव्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे विम्याचा हप्ता ठरविणारा कारकूनही जाणतो. रॉटवायलर क्वचित चावत असेल. चावला तर काय होते, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

अमेरिकेचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. १९७९ ते १९९८ या वीस वर्षांत तेथे कुत्र्यांच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडलेल्या माणसांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. २३८ मृत्यूंमध्ये किमान पंचवीस जातींचे कुत्रे होते. मात्र पिटबुल वर्गातील कुत्रे आणि रॉटवायलर यांचा वाटा निम्म्याहून अधिक होता. १९८० च्या सुमारास या यादीत जवळजवळ नसलेला रॉटवायलर १९९० नंतर ठळकपणे दिसू लागला. त्याच काळात अमेरिकी श्वानसंघाकडील त्याची वार्षिक नोंदणी काही हजारांवरून एक लाखाच्या घरात गेली होती. कुत्रे वाढले म्हणून हल्ले वाढले, असे सरळ गणित मांडता येईल. प्रत्येक जातीचे एकूण कुत्रे किती, हे ठाऊक नसल्याने जातवार धोक्याचा दर काढता येत नाही, असा इशारा अभ्यासकांनीच दिला होता. पण मागणी दहा-पंधरा वर्षांत अशी अनेक पटींनी फुगते, तेव्हा ती पुरविणारे कोण असतात? स्वभावपरीक्षा घेत बसणारे जुने पैदासकार नव्हेत. परसात एक जोडी बांधून वर्षाला दोन वेत काढणारे हौशे-गवशे असतात. फॅशन ओसरली तशी नोंदणीही दहा-बारा वर्षांत एक-पंचमांशाच्या आसपास उतरली.

ही फॅशन ज्या प्रतिमांवर पोसली त्याही पाहण्याजोग्या आहेत. १९७६ च्या ‘द ओमेन’ या चित्रपटाने रॉटवायलरला सैतानाचा पहारेकरी केले. १९८५ साली निघालेल्या ‘गुड डॉग, कार्ल’ या मुलांच्या चित्रपुस्तकात तोच कुत्रा, आई बाहेर गेली असता, तान्ह्या बाळाला सांभाळतो. गिऱ्हाइकाला या दोन्ही प्रतिमा एकाच प्राण्यात हव्या असतात: दाराबाहेर सैतान आणि दाराच्या आत दाई. पुण्या-मुंबईच्या सदनिकांमध्ये, बंगल्यांच्या फाटकांवर ‘कुत्र्यापासून सावध रहा’ अशी पाटी लावताना मालकाच्या चेहऱ्यावर जे समाधान असते, त्याचा अर्थ यापेक्षा निराळा नाही. येणाऱ्या-जाणाऱ्याची भीती हीच त्या कुत्र्याची उपयुक्तता. ती विकत घेतली जाते. मग हा प्राणी गृहसंस्थेच्या जिन्यातून वर-खाली करू लागतो आणि बहुधा त्याची साखळी घरच्या गड्याच्या किंवा शाळकरी मुलाच्या हातात असते.

अर्थशास्त्रात ‘बाह्य खर्च’ अशी एक संकल्पना आहे. कारखान्याचे सांडपाणी नदीत गेले की त्याची किंमत मालाच्या दरात येत नाही. ती खालच्या अंगाला पाणी भरणाऱ्या बाया देतात. मोठ्या राखणदार कुत्र्याचे पुष्कळसे असेच आहे. पिल्लाची किंमत, खुराक आणि वैद्याचे पैसे मालक देतो. जिन्यात थबकणारी म्हातारी, कुरिअरवाला, सफाई कामगार आणि रखवालदाराची मुले यांच्या वाट्याची जोखीम कुठल्याच पावतीवर येत नाही. आणि अपघात घडलाच, तर? प्राण्याच्या बाबतीत निष्काळजीपणा करणाऱ्याला भारतीय दंड विधानाच्या कलम २८९ अन्वये सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड होता. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ ने दंडाची मर्यादा पाच हजारांवर नेली. रॉटवायलरचे पिल्लू पाच हजारांत सहसा मिळत नाही.

बंदी हा यावरचा सोपा उपाय भासतो. ब्रिटनमध्ये १९८९ साली स्कॉटलंडात दोन रॉटवायलरांनी अकरा वर्षांच्या मुलीचा बळी घेतला तेव्हा मोठा क्षोभ उसळला. परंतु १९९१ च्या कायद्याने बंदी घातली ती पिटबुलसह चार अन्य प्रकारांवर, आणि रॉटवायलर सुटला. पुढे बंदी नसलेल्या नव्या संकरातून ‘एक्सएल बुली’ नावाचा धिप्पाड प्रकार लोकप्रिय झाला आणि २०२३ अखेर तोही यादीत घालावा लागला. कायदा जातीच्या मागे धावतो आणि शौक तोवर पुढच्या जातीपाशी पोहोचलेला असतो. भारतात तर वंशावळीचे कागद विरळा. मिश्र पिल्लाला रॉटवायलर म्हणावे की न म्हणावे, हे ठरविणार कोण?

खुद्द जर्मनीत राज्याराज्यांत नियम निरनिराळे आहेत. बव्हेरियात रॉटवायलर पाळायचा तर तो आक्रमक नाही, हे तज्ज्ञाकडून सिद्ध करावे लागते. लोअर सॅक्सनी राज्याने २०११ मध्ये निराळी वाट धरली. तेथे जातींची यादी न करता प्रत्येक कुत्र्यासाठी दायित्व विमा सक्तीचा केला, आणि २०१३ पासून प्रथमच कुत्रा पाळणाऱ्याला स्वतःलाच परीक्षा द्यावी लागते: लेखी भाग कुत्रा आणण्यापूर्वी, प्रात्यक्षिक पहिल्या वर्षात. या उपायाला मर्यादा आहेत, हेही सांगितले पाहिजे. स्वित्झर्लंडने असे सक्तीचे वर्ग २००८ मध्ये सुरू केले आणि २०१६ अखेर बंदही केले. तथापि विम्याचा मुद्दा वेगळा आहे. जखमी झालेल्या परक्या मुलाच्या औषधपाण्याचा खर्च तो निदान कुत्र्याच्या किमतीत आणून बसवितो.

आपल्याकडील महापालिकांचा कुत्र्याचा परवाना मुख्यतः रेबीजच्या लशीच्या दाखल्यावर मिळतो. लस आवश्यकच आहे. परंतु पन्नास किलोंचे हे जनावर रोज सकाळी कोण फिरवणार, ते वर्षाचे असताना कुणी शिकवले आणि त्याने कुणाला जखमी केले तर रुग्णालयाचे बिल कोण भरणार, या चौकशीला त्या अर्जात अद्याप जागा मिळालेली नाही.