सामना पडद्यावर, ताण हृदयावर

'डॉक्टर, टीव्हीवर फुटबॉल पाहून कुणाला झटका येतो का?' असे रुग्ण मला हसत विचारतात. उत्तर मात्र हसण्यासारखे नाही.

२००६ साली जर्मनीत विश्वचषक स्पर्धा झाली, तेव्हा म्युनिक परिसरात हृदयाच्या तातडीच्या रुग्णांची मोजदाद केली गेली. जर्मनीचा सामना असलेल्या दिवशी हे प्रमाण एरवीच्या अडीच पटींहून अधिक, पुरुषांत तर तिपटीहून अधिक भरले. त्रासाचे प्रमाण सामना सुरू झाल्यावर पहिल्या दोन तासांत सर्वाधिक होते. अर्जेंटिनाविरुद्धचा सामना जर्मनीने पेनल्टीवर जिंकला, तरी त्या दिवशी रुग्ण वाढलेच. म्हणजे बाधते ती हार नव्हे, ताण!

उत्कंठेने शरीरात ॲड्रेनॅलिन वाढते, नाडी धावू लागते, रक्तदाब चढतो. हृदयाला जास्त रक्त लागते. पण रक्तवाहिनी आधीच अरुंद झालेली असेल तर ते पुरत नाही. म्हणून जुन्या हृदयरुग्णांना धोका अधिक.

युरोपातले सामने आपल्याकडे बहुधा रात्री दिसतात. त्यात जागरण, सिगारेट आणि विसरलेली गोळी यांची भर पडते. सामना जरूर पाहा. पण गोळी वेळेवर घ्या, धूम्रपान व मद्य टाळा. छातीत दाब, दरदरून घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ आली, तर 'गॅस असेल' किंवा 'पेनल्टी संपू दे' म्हणू नका. घरच्यांनी लगेच १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सामना पुन्हा दाखवतात. गेलेली वेळ परत येत नाही.