जुना सबवूफर, नवा कोन

गणपतीच्या आधी स्पीकर दुरुस्त करणाऱ्यांना मान वर करायला फुरसत नसते. त्या धामधुमीवर पुरवणीसाठी लिहा, असं संपादकांनी सांगितलं म्हणून मी पुण्याच्या बुधवार पेठेत, तपकीर गल्लीच्या आसपास हिंडत होते. मंडळांचे मोठाले बेस बघायला गेले आणि रेंगाळले ती घरगुती वापराच्या एका बारा इंची सबवूफरपाशी.

"काका, आवाज फाटतोय. नवाच घेऊ का?" गिऱ्हाइकानं विचारलं. काकांनी दोन्ही हातांची बोटं कोनवर पसरली आणि तो सगळीकडून सारखा, अलगद आत दाबला. आतून खरखर ऐकू आली. "कॉइल घासतेय. मॅग्नेट शाबूत, बास्केट शाबूत. नवा कशाला?"

या यंत्राची मूळ रचना शंभर वर्षांची आहे. चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अमेरिकी अभियंत्यांनी १९२५ साली ती मांडली. चुंबकाच्या अरुंद फटीत तारेची कॉइल, तिला चिकटलेला कोन. कॉइलमध्ये विजेचा प्रवाह उलटसुलट फिरला की कोन पुढेमागे होतो आणि हवा हलवतो. चुंबक आणि लोखंडी सांगाडा, म्हणजे बास्केट, वर्षानुवर्षं टिकतात. आधी जाते ती कोनच्या कडेची फोमची वळी. दमट हवेत ती चिकट होते, मग तिचा चुरा होतो. आधार सुटला की कोन कलतो, कॉइल फटीच्या भिंतीला घासते आणि जळते.

काकांनी ब्लेडनं जुना कोन, त्याला खालून धरून ठेवणारी पिवळी चकती म्हणजे स्पायडर, आणि कॉइल असं सगळं एकत्र सोडवलं. ते फेकलं मात्र नाही. आधी खिशात मावेल अशा छोट्या काट्यावर ठेवलं आणि वजन वहीत लिहून घेतलं. मग चिकटपट्टी उलटी गुंडाळून ती फटीतून फिरवली. चुंबकानं धरून ठेवलेला लोखंडाचा बारीक कीस तिला चिकटून बाहेर आला. तो आत राहिला असता तर नवी कॉइलही खरखरली असती.

यानंतरच्या कामात घाई चालत नाही. नवी कॉइल मधल्या लोखंडी खांबावर बसवायची, पण चारही बाजूंना अंतर सारखं हवं. त्यासाठी काकांनी जुन्या एक्स-रे फिल्मच्या पट्ट्या कापून कॉइल आणि खांब यांच्यामध्ये सरकवल्या. त्या घट्ट बसल्यावरच स्पायडर आणि कोनची कड चिकटवली. गोंद रात्रभर वाळू द्यायचा, मग पट्ट्या काढायच्या. कोनच्या मध्यावरची डस्ट कॅप लावण्याआधी पंचवीस हर्ट्झचा सूर सोडून कान जवळ न्यायचा. नुसती घरघर हवी, खरखर नको. शेवटी दीड व्होल्टचा सेल लावून बघायचं: लाल टोकाला धन दिलं की कोन बाहेर आला पाहिजे.

इथं काम संपलं असं मला वाटलं. काकांची खरी चिंता इथून पुढची होती.

बाजारात कोन मिळतो तो इंचांवर आणि कॉइल मिळते ती व्यासावर. वजन किती, स्पायडर किती ताठ, हे पाकिटावर नसतं. आणि सबवूफरचं सगळं गणित त्यावरच उभं आहे. ऑस्ट्रेलियाचे नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी ते मांडलं. हलणाऱ्या भागाचं वजन, त्याचा ताठपणा आणि चुंबकाचा जोर यांवरून खोका केवढा आणि त्याचं भोक किती लांब, हे ठरतं. बाकी सगळं तेच ठेवून वजन वीस टक्क्यांनी वाढलं, तर स्पीकरची मूळ कंपनसंख्या सुमारे नऊ टक्के खाली येते आणि तेवढ्याच पॉवरला आवाज दीड डेसिबलहून थोडा जास्त उतरतो. खोका मात्र जुन्याच स्पीकरसाठी कापलेला असतो. मग बेस कुठे घुमतो, कुठे गायबच होतो. गिऱ्हाईक म्हणतं, दुरुस्ती फसली. ॲम्प्लिफायरचा आवाज वाढवत नेतं आणि नवी कॉइलही जाळून बसतं.

म्हणून काका जुन्या वजनाशी जुळणारा कोन सापडेपर्यंत पाकिटं उघडून तोलत बसतात. हा वेळ मजुरीत धरता येत नाही, आणि वही आहे ती त्यांच्यापुरतीच. सुटे भाग बनवणाऱ्यांनी पाकिटावर वजन आणि ताठपणा हे दोन आकडे छापले, तरी कितीतरी चांगली चुंबकं भंगारात जाण्यापासून वाचतील. दुरुस्तीचा हात आपल्याकडे अजून आहे. त्या हाताला मापं पुरवणं हे कारखान्याचं काम आहे.