'क्रिटिकल' म्हणजे गंभीरच?

बोईसर ते पालघर, मध्ये फक्त उमरोळी. तेवढ्या वेळात मी रोज दहा इंग्रजी शब्दांचे अर्थ पाठ करायचे. 'क्रिटिकल' म्हणजे 'गंभीर', झालं! मग तारापूर अणुऊर्जा केंद्रावरच्या एका लेखाचा अनुवाद करताना मी बिनधास्त लिहिलं, 'अणुभट्टी गंभीर अवस्थेत'. छापून आलं असतं तर अख्खं बोईसर घाबरलं असतं! खरं तर अणुभट्टी 'क्रिटिकल' होते म्हणजे अणुविखंडनाची साखळी स्वतःच्या बळावर चालू राहते. भट्टीचं नेहमीचंच काम. एमआयडीसीतला 'प्लांट'ही रोपटं नसतो, कारखाना असतो. म्हणून आता दिवसाला तीनच शब्द, पण शब्द जिथे भेटला ते पूर्ण वाक्य वहीत उतरवते. उद्या इंटरव्ह्यूत शब्द एकटा थोडाच येणार आहे?