गहू सोसत नाही, मग राजूरमध्ये खायचे काय?

बुद्धपौर्णिमेला विहारात पुरी-भाजी, भीमजयंतीला जिलेबी, वाढदिवसाला पिझ्झा. सगळीकडे गहू नाहीतर मैदा. ज्या लेकराला सिलिअ‍ॅकचा आजार आहे, त्याने काय करावे, असे पालक आम्हाला विचारतात.

या आजारात गहू आणि जवातल्या ग्लुटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीर स्वतःच्याच लहान आतड्याच्या अस्तराला इजा करते. सतत जुलाब, फुगलेले पोट, उंची न वाढणे, लोहाच्या गोळ्या घेऊनही रक्त न वाढणे ही लक्षणे दिसली तर डॉक्टरांना टीटीजी-आयजीए या रक्ततपासणीबद्दल विचारा. तपासणीआधी मनानेच गहू बंद करू नका. आजार असूनही तो अहवालात दिसणार नाही. निदान झाले की मात्र गहू आयुष्यभर बंद. "थोडेसे चालते" असे इथे नाही.

पाकीटबंद पदार्थावर 'ग्लुटेन-फ्री' लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही. हॉटेलात हे कोण मोजणार? पिझ्झाचा बेस मैद्याचा, आणि मैदा तर ओट्यावर, भट्टीत, सगळीकडे उडालेला. त्यापेक्षा पिठले-भाकरी मागा, पण विचारून. भाकरीचा तवा पोळीचाच आहे का? हिंग कोणता? डबीतल्या हिंगात बहुधा मैदा असतो. राजूरला चतुर्थीच्या गर्दीत साबुदाण्याची खिचडी आणि भगर मिळते. आपण उपवास धरत नाही, पण हे खायला कोणाची हरकत! साबुदाणावडा मात्र समोशाच्या तेलात तळलेला नको.

खरी मेख गिरणीत आहे. गव्हामागोमाग ज्वारी दळली की गव्हाचे पीठ तिच्यात येतेच. घरघंटी असेल तर ती फक्त ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळीसाठी ठेवा. एकट्याला परवडत नसेल तर बचत गटाने मिळून घ्यावी.

पिझ्झाचा हट्ट घरीच पुरवता येतो. ज्वारीची जाडसर भाकरी एका बाजूने भाजून उलटा, भाजलेल्या बाजूवर टोमॅटोची चटणी, कांदा, सिमला मिरची, चीज घाला आणि मंद आचेवर झाकण ठेवा. गरम असतानाच द्या. गार भाकरी चिवट होते.

"भांडे वेगळे ठेवा" म्हटले की आपल्या घरातल्या जुन्या माणसांच्या कपाळाला आठी पडते. पडणारच. १९२७ साली बाबासाहेबांबरोबर आपली माणसे चवदार तळ्यावर गेली, ती विटाळाची ही रीत मोडायला. म्हणून आजी-आजोबांना नीट समजावून सांगा, की तवा वेगळा आहे तो पिठाच्या कणामुळे, माणसामुळे नाही. लेकराला पंगतीत सगळ्यांच्या मधेच बसवा.

विहार समितीला आमची एक विनंती. भोजनदानाच्या आदल्या दिवशी गहू न चालणारे कोण आहेत ते विचारून घ्या. त्यांच्या भाकरी आधी, स्वच्छ तव्यावर करा. खीर गव्हाची न करता तांदळाची करा. सुजाताने सिद्धार्थाला दिली तीही तांदळाचीच होती. आणि पुरीचा झारा त्या पातेल्यात जाऊ देऊ नका.