होडी आणि नकली बदक: अमेरिकेतील बदकशिकारीची अवजारे

वरून जाणाऱ्या थव्याला खाली पाण्यावर बसलेली बदके दिसली, की तो घिरट्या घालत उतरतो. जिथे जातभाई निवांत चरत आहेत तिथे धोका नसणार, एवढाच त्याचा हिशेब. बदकांच्या शिकारीचे जुने तंत्र या एका सवयीवर उभे राहिले. त्याला दोन वस्तू लागत: पाण्यावर तरंगणारे नकली बदक, म्हणजे डिकॉय, आणि शिकाऱ्याला पाण्याच्या पातळीवर लपवणारी होडी. पुढे संग्राहकांनी डिकॉय उचलून काचेच्या कपाटात ठेवले आणि होड्या किनाऱ्यावर कुजत पडल्या. त्यामुळे आज या दोन वेगळ्या वस्तू वाटतात. वापरात मात्र डिकॉयचे वजन, घडण आणि संख्या बहुधा होडीवरून ठरत असे.

डिकॉयचा सर्वात प्रसिद्ध पुरावा अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील लव्हलॉक गुहेत मिळाला. ही गुहा एकेकाळच्या विस्तीर्ण दलदलीच्या काठावर आहे. 1924 मध्ये लुवेलिन लाउड आणि मार्क हॅरिंग्टन यांच्या उत्खननात तिथे 11 नकली बदके हाती लागली. ती जमिनीत खड्डा करून नीट गुंडाळून ठेवलेली होती. टुली नावाच्या, लव्हाळ्याच्या जातीच्या गवताची अंगे वळून बांधलेली. त्यांतल्या काहींवर रंग आणि खरी पिसे चढवलेली, काहींचे काम अर्धवट राहिलेले. रंगसंगती कॅनव्हासबॅक या बदकाची आहे, हे आजही चटकन ओळखू येते. ही बदके सुमारे 2,000 वर्षांपूर्वीची आहेत. कोरडी हवा नसती तर गवताची वस्तू इतकी वर्षे टिकलीच नसती. त्या भागातील पायूट लोकांनी टुलीची बदके बांधण्याची कला विसाव्या शतकापर्यंत जपली, आणि 1995 मध्ये नेवाडाने या डिकॉयला राज्याच्या अधिकृत चिन्हांत स्थान दिले.

युरोपात वेगळी रीत रुजली. नेदरलँड्स आणि इंग्लंडमध्ये तळ्यालगत निमुळते होत जाणारे वळणदार चर खणत आणि त्यांवर जाळीची कमान घालत. पाळीव बदके आणि शिकवलेला कुत्रा यांच्या साहाय्याने रानबदकांना चराच्या टोकापर्यंत ओढून नेत. तिथे ना होडी लागे, ना बंदूक. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे उथळ खाजणपाणी मात्र मैलोन् मैल पसरलेले होते, त्याला जाळी घालणे शक्य नव्हते. वसाहतवाल्यांनी मूळ रहिवाशांची नकली बदकाची युक्ती उचलली, गवताच्या जागी लाकूड वापरले आणि त्याला बंदुकीची जोड दिली.

डिकॉय मांडण्याचेही शास्त्र आहे. बदक नेहमी वाऱ्याला तोंड देऊन उतरते. म्हणून शिकारी वारा पाठीवर घेऊन बसतो, समोर दोरी आणि वजन लावून डिकॉय सोडतो आणि त्यांच्यामध्ये मुद्दाम मोकळी जागा ठेवतो. थवा त्या मोकळ्या जागेत उतरायला येतो तेव्हा तो माऱ्याच्या टप्प्यात आणि शिकाऱ्याकडे तोंड करून असतो.

न्यू जर्सीच्या बार्नेगॅट खाडीत या कामासाठी जी होडी घडली ती स्नीकबॉक्स. वेस्ट क्रीक गावच्या हेझल्टन सीमनने ती 1836 मध्ये प्रथम बांधली, असे मानले जाते. लांबी सुमारे 12 फूट, रुंदी 4 फूट. नाळेकडचा तळ चमच्यासारखा उचललेला, वरचा भाग जवळजवळ पूर्ण फळ्यांनी झाकलेला आणि मधोमध माणूस शिरेल एवढीच खाच. पाण्याबाहेर ती इतकी कमी दिसते की वर गवत पसरले की दलदलीचा तुकडाच वाटावा. काही इंच पाण्यात ती चालते, छोट्या शिडावर धावते, आणि पाणी गोठले तर एकटा माणूस तिला ओढून नेऊ शकतो. वल्ह्यांच्या कड्या मिटवता येतात, म्हणजे वर काही उठून दिसत नाही. मागच्या फळ्यांवर डिकॉय रचायला कठडा असतो. नॅथॅनियल बिशप 1875 च्या डिसेंबरात अशाच होडीतून पिट्सबर्गहून निघाला आणि ओहायो, मिसिसिपी आणि मेक्सिकोच्या आखातामार्गे 2,600 मैलांचा प्रवास करून फ्लोरिडाला पोहोचला. बदकांसाठी बांधलेली होडी इतकी समर्थ निघेल, अशी अपेक्षा कोणी केली नव्हती.

या होडीत जागा आणि भार दोन्ही मोजून घ्यावे लागत. म्हणून बार्नेगॅटचे डिकॉय हलके केले जात: पांढऱ्या सीडर लाकडाचे दोन अर्धे आतून कोरून पोकळ करायचे, जोडायचे, आणि तोल राहावा म्हणून पोटाखालच्या खाचेत शिसे बसवायचे. टकरटनचा हॅरी शोर्ड्‌स (1861–1920) हा घरे रंगवणारा कारागीर या पद्धतीचा गाजलेला हात. त्याच्या बदकांत नक्षीकाम फारसे नाही, रंगही मोजके. दुरून थवा फसला म्हणजे काम झाले.

मेरिलँडमध्ये सस्क्वेहाना नदी चेसापीक उपसागराला मिळते तिथली उथळ पाणथळ वेगळीच होती. पाण्याखालची रानसेलरी खायला कॅनव्हासबॅकचे प्रचंड थवे तिथे येत, आणि त्या आहाराने चवदार झालेल्या मांसाला बाल्टिमोर-न्यूयॉर्कच्या खानावळींत मोठा भाव मिळे. आडोसा नसलेल्या उघड्या पाण्यासाठी तिथे सिंकबॉक्स वापरात आला: माणूस उताणा झोपेल एवढी लांबट पेटी, तिच्या चारी बाजूंना फळ्यांचे आणि कॅनव्हासचे सपाट पंख. पेटीचा काठ पाण्याच्या पातळीला यावा म्हणून पंखांवर ओतीव लोखंडाची बदके ठेवत. वजनही मिळे, सोंगही साधे. भोवती दोनशे ते पाचशे लाकडी डिकॉय, आणि पडलेली शिकार गोळा करायला दुसरी होडी. इतके डिकॉय एकेक कोरून परवडत नसत. त्यामुळे इथली बदके भरीव, साधी आणि ठोकळ घडणीची झाली. नेणारी-आणणारी होडी मोठी असल्याने वजनाची फिकीर नव्हती.

सिंकबॉक्सवर न्यूयॉर्क राज्याने 1838 मध्येच बंदी घातली होती. शिकाऱ्यांनी तोंडे झाकून शिकार चालू ठेवली आणि कायदा मागे घ्यावा लागला. याहून भयानक पंट गन. लांबलचक नळीची ही बंदूक सपाट होडीच्या नाळेवर आडवी ठेवत आणि नेम धरायला सगळी होडी वळवत. एका बारात पाव किलोहून कितीतरी जास्त छर्रे सुटत आणि पाण्यावर बसलेल्या थव्यातली पन्नासावर बदके एकदम मरत. ही शिकार बाजारासाठी होती आणि रेल्वेमुळे तिला तळ राहिला नव्हता. 1900 च्या लेसी कायद्याने बेकायदा मारलेल्या पक्ष्यांच्या आंतरराज्य व्यापाराला चाप लावला, 1918 च्या स्थलांतरित पक्षी कायद्याने त्यांची बाजारविक्री संपवली. 1930 च्या दशकात दुष्काळाने दलदली आटल्या, तेव्हा 1934 मध्ये शिकाऱ्यांना 1 डॉलरचे बदक-तिकीट सक्तीचे झाले आणि 1935 मध्ये सिंकबॉक्स तसेच आमिष म्हणून बांधलेली जिवंत बदके दोन्ही बंद झाली. ब्रिटनमध्ये पावणेदोन इंचांपर्यंतच्या नळीची पंट गन कायद्याने अजूनही चालते.

लाकडी डिकॉयला मात्र बंदीची झळ लागली नाही. डेट्रॉइटच्या मेसन कारखान्याने 1896 ते 1924 या काळात ते यंत्रावर काढून टपालाने देशभर विकले. हातकाम करणारेही टिकले. हाव्र द ग्रेसचा मॅडिसन मिचेल अंत्यविधीचा व्यवसाय सांभाळून डिकॉय करी. क्रिसफील्डचे लेम आणि स्टीव्ह वॉर्ड हे भाऊ न्हावी होते. केप कॉडचा एल्मर क्रोवेल (1862–1952) पूर्वी जिवंत आमिष-बदके सांभाळत असे, त्याचा फायदा त्याच्या कामात दिसतो: मान वळवून पिसे साफ करणारा पक्षी त्याने बारकाईने पाहिलेला होता. आपल्याकडे हिवाळ्यात जायकवाडीला येणाऱ्या तलवार बदकाचा त्याने कोरलेला नर 2007 मध्ये 11 लाख 30 हजार डॉलरना विकला गेला.

दुसऱ्या महायुद्धानंतर प्लास्टिकचे डिकॉय आले आणि जुनी लाकडी बदके अडगळ ठरली. त्यांना कलावस्तू म्हणून पाहणारा पहिला महत्त्वाचा माणूस न्यूयॉर्कचा वास्तुविशारद जोएल बार्बर; त्याचे पुस्तक 1934 चे, आणि त्याचा संग्रह आज व्हर्माँटच्या शेलबर्न संग्रहालयात आहे. पण कपाटात मावते ते जपले जाते. एकाच गावातली दोन बदके शेजारी ठेवून त्यांच्यावर निबंध लिहिणारे अभ्यासक त्यांना वाहून नेणारी होडी क्वचितच मोजून ठेवतात, आणि हा या संग्रहशास्त्राचा मोठा दोष आहे. सस्क्वेहानाच्या मुखावरची रानसेलरी 1972 च्या अ‍ॅग्नेस वादळाच्या पुरात उद्ध्वस्त झाली, थवे पांगले. हाव्र द ग्रेसमध्ये 1986 पासून डिकॉयचे संग्रहालय आहे. न्यू जर्सीच्या टकरटनला दर सप्टेंबरात डिकॉयचा मेळा भरतो आणि स्नीकबॉक्स तिथे अजूनही पाहायला मिळते.