पाना न लागणारी सीट

लोहाऱ्यात सायकलची सीट वर-खाली करायला पाना लागतो आणि तो पाना कायम दुसऱ्याच्या घरी असतो. त्यामुळे सीटची उंची एकदा ठरली की ठरली. बापाच्या मापाची सीट आणि दांडीखालून पाय घालून कैची मारणारं पोरगं, ही जोडी मी लहानपणापासून पाहिली आहे. मीही तसाच शिकलो. हँडलवरची बोटभर पट्टी दाबली की सीट खाली जाते, पुन्हा दाबली की वर येते, असा दांडा गेल्या दिवाळीनंतर माझ्या माउंटन बाइकला बसवला. दुकानातल्या मिस्त्रीकाकांनी आधी किंमत विचारली. मग म्हणाले, "एवढ्या पैशात तं जुनी लुना येते न बाप्पा!"

याला ड्रॉपर सीटपोस्ट म्हणतात. काकांचा हिशोब चुकीचा नव्हता. पण लुना टेकडीवरून उतरवायची नसते.

एमआयडीसीच्या शेडकडे पाठ केली की काही वेळात पांदण लागते, मग पऱ्हाटी आणि तुरीच्या शेतांमधून वाट बिननावाच्या एका टेकडीवर चढते. चढताना सीट उंच हवी. पायडल सर्वांत खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला राहिला तर मांडीचा जोर पुरता लागतो. ग्रेग लेमाँड या अमेरिकन विजेत्याच्या नावाने ओळखलं जाणारं एक ढोबळ सूत्र आहे : पायाची आतली लांबी गुणिले ०.८८३. माझी लांबी ८० सेंटिमीटर, म्हणजे क्रँकच्या आसापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ७०.६.

हीच उंची उतारावर वैरीण होते. टेकडीच्या पलीकडच्या बाजूला पावसाच्या पाण्याने मुरूम कापून गुडघाभर घळ केली आहे. पुढचं चाक तिच्यात पडतं, त्या क्षणी गुडघे वाकवून अंग खाली न्यायला जागा लागते, आणि नेमकी तिथे सीट उभी असते. ड्रॉपरमुळे ढुंगण चाकाच्या मागे नेता येतं, असं बरेच जण सांगतात. मला ते अर्धंच पटतं. फार मागे गेलात तर पुढच्या चाकावरचं वजन सुटतं आणि मुरमावर ते चाक आधी घसरतं. खरा फायदा वेगळा आहे. सीट वाटेतून गेली की सायकल दोन्ही मांड्यांमध्ये डावी-उजवीकडे झुकवता येते आणि धड आपल्या जागी राहतं.

माउंटन बाइकवाल्यांना हा पेच पहिल्यापासून माहीत होता. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत १९७६ च्या ऑक्टोबरात 'रिपॅक' नावाच्या उतारावर शर्यती सुरू झाल्या. जुन्या सायकलींचा मागच्या चाकातला ब्रेक इतका तापायचा की आतलं ग्रीस धूर होऊन जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. नाव त्यावरूनच पडलं. त्याच टोळीतल्या जो ब्रीझने जॉश एंजेलबरोबर १९८४ च्या सुमारास 'हाइट-राइट' नावाची साधी स्प्रिंग काढली. क्लॅम्पचा खटका उघडून अंगाच्या भाराने सीट खाली दाबायची. पुन्हा उघडला की स्प्रिंग तिला वर आणायची. पण त्यासाठी हँडल सोडून हात सीटखाली घालावा लागे. पुढे खटका हँडलवर आला, आणि २०१० मध्ये रॉकशॉक्सच्या 'रिव्हर्ब'ने तो सगळीकडे पोचवला. २०१९ चा बिनतारी नमुना ८०० डॉलरला निघाला. २०२२ च्या मिलान–सान रेमो या रस्त्यावरच्या शर्यतीत स्लोव्हेनियाच्या माटेय मोहोरिचने पोज्जोच्या उतारावर ड्रॉपर वापरून सगळ्यांना मागे टाकलं, तेव्हा गुळगुळीत टायरवाल्यांनीही मान वळवून पाहिलं.

आत काय आहे हे समजायला ऑफिसातली फिरती खुर्ची आठवा. दोघांचं कूळ एकच. माझ्या दांड्यात दाबून भरलेला वायू आणि तेल आहे, मधे सरकता दट्ट्या. पट्टी दाबली की झडप उघडते. त्याच वेळी मी सीटवर बसलो तर तेल एका कप्प्यातून दुसऱ्यात जातं, वायू आणखी आवळला जातो आणि सीट खाली येते. पट्टी सोडली की झडप बंद. तेल दबत नाही, म्हणून सीट असेल तिथे घट्ट थांबते. भार काढून पुन्हा दाबलं की वायू तिला वर ढकलतो. फरक एवढाच की खुर्ची गोल फिरली तर चालते, सीट फिरून चालत नाही. म्हणून आतल्या नळीवर उभ्या खाचा आणि त्यात पितळेच्या छोट्या पिना.

विकत घेताना बहुतेकांची नजर किती मिलिमीटर खाली जाते यावर असते. आधी टेप घ्या. माझ्या सायकलवर सीट योग्य उंचीला असताना फ्रेमच्या क्लॅम्पपासून सीटखालच्या सळईपर्यंत १९० मिलिमीटर भरले. दांड्याची गळपट्टी आणि डोकं मिळून ४५. म्हणजे १५० चा ड्रॉपर घेतला असता तर सीट माझ्या मापापेक्षा ५ मिलिमीटर वरच राहिली असती. मी १२५ चा घेतला. जाडीचंही तसंच : ३०.९ चा दांडा ३१.६ च्या नळीत पातळ शिम घालून बसतो, उलटं जमत नाही.

सायकलसाठीच्या आयएसओ ४२१० या मानकाच्या नवव्या भागात सीट आणि तिच्या दांड्याच्या चाचण्या आहेत. यंत्र पुन्हा पुन्हा भार देऊन दांडा थकतो का ते बघतं. त्या यंत्रावर आमचा मुरूम कोणी टाकत नाही. म्हणून मी ठरवलं की वर्षभर हा दांडा उतारापेक्षा हवामानावर तपासायचा.

डिसेंबरात सकाळी १२ अंश होते. मोबाइलवर चित्रण करून मोजलं तर सीट वर यायला जवळजवळ एक सेकंद लागला. तेल घट्ट झालं होतं. मे महिन्यात दुपारी ४३ अंशांना तीच सीट अर्ध्या सेकंदाच्या आत ठक्कन वर आली. तापमान केल्विनमध्ये २८५ वरून ३१६ वर गेलं म्हणजे वायूचा दाब साधारण ११ टक्के वाढला, आणि तेल पातळ झालं ते वेगळंच. मी तेव्हा सीटवर किंचित वाकून उभा होतो. त्याबद्दल एवढंच लिहितो.

मधे एकदा सीट वर येईनाशी झाली. दांडा बिघडला म्हणून मी दिवसभर तोंड पाडून बसलो. निघालं असं, की टायर बदलताना दुकानात कोणीतरी फ्रेमचा क्लॅम्प नेहमीच्या सवयीने ताणून आवळला होता. बाहेरची नळी जराशी चेपली की आतली अडकते. पाव आटा सैल केला आणि सीट सुटली.

दुसरी चूक माझी. जुलैत काळ्या मातीत चाकं रुतली, टायर आणि फ्रेमच्या मधे चिखलाचा लगदा. धुऱ्यावरून सायकल पलीकडे न्यायची म्हणून खाली केलेली सीट धरूनच उचलली. काही बनावटींत असं केलं की वायू दट्ट्याच्या सीलपलीकडे तेलात शिरतो. वायू दबतो, त्यामुळे बंद झडपेवरही सीट बोटभर लवायला लागली, पलंगाच्या स्प्रिंगसारखी. रात्रभर सायकल उभी ठेवली, सकाळी वीस-पंचवीस वेळा पूर्ण वर-खाली केली. बरीच सुधारली, पुरती नाही. आता फ्रेम धरून उचलतो.

पोळा झाल्यावर काकांच्या दुकानातच दांडा उघडला. गळपट्टीच्या रबरी कड्याखाली तपकिरी लेप बसला होता, मुरूम आणि ग्रीस यांचा. जुन्या सुती धोतराच्या तुकड्याने पुसून काढला. वायूच्या नळीला काही झालं नव्हतं. झीज दिसली ती पिनांवर. तिन्ही पिना एका अंगाने चकचकीत. सीटचं टोक आधी हाताने २ मिलिमीटर हलायचं, आता ४ हलत होतं. नव्या जाडीच्या पिना परदेशातून मागवाव्या लागतात आणि पिनेपेक्षा टपालाचा खर्च मोठा.

काकांनी एक पिन तळहातावर घेतली, नखाने खरवडली, उजेडाकडे धरली.

"पितळच आहे न भाऊ. एमआयडीसीतल्या लेथवाल्याले दाखवतो. एक नमुना ठेवून जा."

बाकीच्या दोन पिना ग्रीस लावून पुन्हा बसवल्या, तिसरी खाच रिकामी ठेवून सायकल घरी आणली.